नीलक्काचे हात

नीलक्काची ओळख आधी तिच्या आवाजाशी व्हायची, चेहऱ्याशी नंतर. नवजात बाळांच्या विभागाच्या दारात पाऊल टाकलं रे टाकलं की आतून हाळी यायची, "थांब तिथंच! कोपरापर्यंत धुतलेस?" मग समोर बाळाचा बाप असो, तालुक्याचा आमदार असो, नाहीतर खुद्द मोठे डॉक्टर. एकदा आमदार फोटोसाठी गुच्छ घेऊन आले होते. तिनं त्यांना बाहेरच्या बेसिनवर उभं केलं, बाह्या वर सारायला लावल्या, बोटांतल्या चार अंगठ्या काढून ड्रायव्हरकडे द्यायला लावल्या आणि गुच्छ वॉचमनच्या स्टुलावर ठेवला. आमदार कसनुसं हसले, पण हात धुऊनच आत गेले. त्या दिवसापासून गाव तिला साबणअक्का म्हणायला लागलं. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

पूर्ण नाव नीलांबिका अंगडी. हावेरीकडच्या मिरचीच्या पट्ट्यातलं सरकारी इस्पितळ. गावाचं नाव कशाला घ्या, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत अख्खं गाव शिंकत असतं एवढी खूण पुरे. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झालेली, त्यातली शेवटची नऊ या बारा पाळण्यांच्या विभागात. इथली बाळं म्हणजे तळहातावर मावतील अशी. कुणी नऊशे ग्रॅमचं, कुणी बाराशेचं. त्यांना नावं नसतात, आईच्या नावानं ओळखायचं. शांतव्वाचं बाळ, मुमताजचं बाळ. कागदावरही तसंच. अशा जिवाला माणसाचा साधा हातसुद्धा बाधतो, हे नीलक्का नव्या पोरींना पहिल्याच दिवशी ऐकवायची. "आपले हात म्हणजे विळा समजा," ती म्हणायची. "न धुता लावलात तर कापणारच."

आणि बोलायची तशी वागायची. लिंगायत घरातली सवाष्ण, मनगटभर हिरव्या बांगड्या. त्या ती रोज सकाळी विभागाच्या दारात उतरवून पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. सासूला हे कळलं तेव्हा घरात महाभारत झालं. नवरा धडधाकट असताना रोज बांगड्या उतरवायच्या? म्हातारीनं तीन महिने अबोला धरला. नीलक्का बधली नाही. "बांगडीखाली जंतू बसतात, आत्याबाई. तुमच्या मुलाला काही होत नाही, तिथली पोरं मात्र जातात," एवढं एकदा सुनावलं आणि विषय संपवला. नवरा सरकारी बसवर कंडक्टर होता, गरीब स्वभावाचा. तो कुणी विचारलंच तर म्हणायचा, "आमच्या घरी चहालाही साबणाचा वास येतो बघा."

विभागात चार बेसिनं, त्यांच्यावर दाबून साबण काढायच्या चार बाटल्या. पातळ साबण सरकारातून पाच लिटरच्या कॅनमधून यायचा, आणि कधीच वेळेवर यायचा नाही. दुसऱ्या वॉर्डांत महिनाअखेरीला बाटल्या ठणठणीत कोरड्या पडायच्या. सिस्टर लोक कपडे धुण्याच्या वडीचा तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवायच्या. नीलक्काच्या विभागात नऊ वर्षांत हे एकदाही घडलं नाही. रोज सकाळी पावणेआठला ती स्वतः कॅन उचलून चारी बेसिनांवरून फिरायची, आणि बाटली अर्धी असो की पाऊण, गळ्यापर्यंत भरायची. कॅन तळाला गेला की नळाचं थोडं पाणी घालून पुरवून न्यायची. स्वच्छतेची पाहणी करायला बंगळूरहून समिती आली तेव्हा तिनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, "माझ्या वॉर्डातली बाटली कधी रिकामी होत नाही, साहेब." समितीनं ते वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं. प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर लागलं.

एका गोष्टीवर मात्र तिचा राग होता. प्रत्येक पाळण्याला हात चोळायच्या स्पिरिटची बाटली टांगलेली असायची. दोन थेंब घ्यायचे, चोळायचे, वाळले की झालं. नियमच होता तसा. नीलक्का त्या बाटलीला शिवायची नाही. रोज पहाटे गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून ती पूजा करायची. "ज्या तळव्यावर शिव बसवायचा त्याला दारू फासू?" असं तिचं म्हणणं. शिवाय तिच्या मते पाण्यावाचून हात स्वच्छ करणं ही आळशांनी काढलेली पळवाट होती. बाकीच्यांना ती मनाई करत नव्हती, पण कुणी नुसतं स्पिरिट चोळताना दिसली की तिच्या कपाळाला आठी पडायचीच.

सगळ्यात मोठी आठी देविका लमाणीसाठी राखून ठेवलेली. देविका चोवीस वर्षांची, कंत्राटावर आलेली, लमाणी तांड्यावरून शिकून नर्स झालेली पहिलीच पोर. हात इतका हलका की काडीएवढ्या दंडातली शीर पहिल्या फटक्यात सापडायची. डॉक्टरसुद्धा अवघड बाळ असलं की तिलाच हाक मारायचे. पण ही पोरगी बेसिनपाशी टिकायची नाही. नळ सोडला न सोडला की पाळण्याशी जाऊन स्पिरिट चोळत उभी. नीलक्कानं तिला तीनदा पकडलं.

"काय गं, साबण चावतो का तुला?"

"नाही, अक्का."

"मग? दारूशिवाय तुमच्या तांड्यावर काही चालतच नाही वाटतं?"

देविकाचा चेहरा पडला, पण तीही काही मुकी नव्हती. "तांड्यावर पितात, अक्का. हाताला चोळून फुकट घालवत नाहीत."

बाकीच्या पोरी फिस्सकन हसल्या. नीलक्काला ते फार झोंबलं. देविकाचं कंत्राट एकतीस मार्चला संपत होतं, आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते नीलक्काच्या शेऱ्यावर ठरणार होतं. हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारीत बाळं आजारी पडायला लागली. आधी मुमताजचं बाळ दूध पिईना, मग त्याचं अंग गार पडायला लागलं. चार दिवसांनी दुसरं, मग तिसरं. तिघंही कशीबशी तगून होती. नीलक्कानं कंबर कसली. पडदे उतरवले, फरशी दिवसातून तीनदा पुसून घेतली, आणि बाळाला हात लावण्याआधी एकदा नाही, दोनदा धुवायचे असा नवा नियम काढला. बाटल्या भराभर उतरायला लागल्या, तशी ती सकाळी आणि दुपारी अशा दोन वेळा भरायला लागली.

चौथं बाळ फकीरव्वाचं. फकीरव्वा मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जाणारी. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर दिवस राहिले आणि सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा, अकराशे ग्रॅम. बोटांत मिरचीची आग एवढी मुरलेली, की स्वतःच्या पोराला शिवायला तिचा हात पुढे होईना. नीलक्का तिला बेसिनपाशी घेऊन गेली. तिचे हात आपल्या हातांत घेऊन साबणानं चोळून चोळून धुतले, नखं काढली, आणि मग तिचं बोट बाळाच्या मुठीत दिलं. बाळानं ते घट्ट धरलं. फकीरव्वा हुंदके द्यायला लागली. नीलक्काही तोंड फिरवून डोळे पुसायला लागली.

"वीस दिवसांनी मांडीवर देते बघ तुझ्या," ती म्हणाली. असा शब्द द्यायचा नसतो, हे अठ्ठावीस वर्षांत तिला चांगलं कळलं होतं. तरी दिला.

नवव्या दिवशी त्या बाळानंही दूध सोडलं, आणि अकराव्या दिवशी सकाळी ते गेलं. फकीरव्वा दारात उभी राहिली. रडणं नाही, ओरडणं नाही. "असं कसं, अक्का? काल तर बोट धरलं होतं माझं."

नीलक्काचं डोकं सुन्न झालं होतं. राग कुणावर काढावा कळेना, आणि नेमकी समोर देविका, स्पिरिट चोळत. "आम्ही इथं हात झिजवायचे आणि काही जणींनी पाण्याला शिवायचं नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मग असंच होणार." फकीरव्वानं देविकाकडे एकदा नीट बघून घेतलं. मग नवऱ्याच्या मागून गेली. बाळ त्याच्या हातात होतं, टॉवेलात गुंडाळलेलं.

त्याच दुपारी नीलक्कानं मोठ्या डॉक्टरांकडे, म्हणजे डॉक्टर हिरेगौडरांकडे अर्ज दिला. देविका लमाणी हात धूत नाही, तीनदा ताकीद दिली, हिच्या हलगर्जीमुळे बाळं आजारी पडत आहेत, एक दगावलं, कंत्राट पुढे चालू ठेवू नये. असा कागद एकदा मागे लागला की त्या पोरीला कुठलंही इस्पितळ दारात उभं करणार नव्हतं. नीलक्काला ते कळत होतं, आणि कळूनच तिनं सही केली.

पुढच्या आठवड्यात हुबळीच्या कॉलेजातून जंतू तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, शबाना किल्लेदार. वय तिशीच्या आसपास, आवाज असा हळू की कान द्यावा लागे. त्यांनी चपट्या झाकणाच्या बशा आणल्या होत्या, आत खरवसासारखा थर. प्रत्येकीनं आपली पाच बोटं त्यावर टेकवायची. जंतू असतील तर दोन दिवसांत त्या ठशांवर उगवून दिसतील.

नीलक्का पहिली पुढे झाली. "घ्या. माझ्या हातावर काही सापडलं तर त्या दिवशी नोकरी सोडते." देविका सगळ्यात शेवटी आली, हात पाठीमागे धरून. नीलक्कानं डॉक्टरीणबाईंना डोळ्यांनीच खुणावलं, हीच ती.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. शबानाबाईंनी बशा टेबलावर मांडायला सुरुवात केली. एकीच्या बशीत दोन लाल ठिपके, दुसरीच्या पाच-सहा. "ही देविका लमाणीची," त्या म्हणाल्या. बशी कोरी. नीलक्काला वाटलं, न वापरलेली चुकून आली असणार. मग शबानाबाईंनी शेवटची बशी ठेवली आणि नावच वाचलं नाही.

बशीत पाच बोटं उमटली होती. ठिपके नव्हेत, अख्खी बोटं. पेरं मोजता येतील अशी, लालभडक, तिखटात बुडवून टेकवल्यासारखी. झाकणावर चिठ्ठी होती, नीलांबिका अंगडी.

नीलक्कानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. "हे माझं नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "चिठ्ठ्या बदलल्यात कुणीतरी. मी? अहो, मी? विचारा ह्यांना, अख्ख्या गावाला विचारा!"

"फकीरव्वाच्या बाळाच्या रक्तात जो जंतू निघाला ना, अक्का, तोच हा," शबानाबाई हळूच म्हणाल्या.

"शक्यच नाही! चला वॉर्डात. आत्ता, सगळ्यांदेखत घ्या. एक बशी न धुता, एक धुऊन. मग बोला."

तिनं हात पुढे केला, न धुता बोटं टेकवली. मग बेसिनवर उभी राहिली आणि अशी हात धुवायला लागली की नव्या पोरींनी शिकावं. तळवे, मग हातांची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. मनातल्या मनात वीसपर्यंत दोनदा मोजलं. साबण तीनदा घेतला. पाणी निथळू दिलं आणि दुसऱ्या बशीवर बोटं टेकवली. चेहऱ्यावर असं काही होतं, की मोठ्या डॉक्टरांनीही मान खाली घातली. त्यांना वाटलं, चिठ्ठ्याच चुकल्या असणार.

दोन दिवसांनी बशा वॉर्डातच आल्या. न धुतलेल्या हाताच्या बशीत तीस-चाळीस लाल ठिपके. धुतलेल्या हाताच्या बशीत मोजण्यासारखं काही नव्हतंच, सगळं लाल.

"धुतल्यावर वाढले?" मोठे डॉक्टर ओरडलेच. "हे काय भलतंच!"

शबानाबाई बेसिनकडे बघत होत्या. "साबण कोण भरतं?"

"मी," नीलक्का म्हणाली.

"रोज?"

"रोज. नऊ वर्षं. एक दिवस चुकलेला नाही."

"बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून शेवटची कधी भरलीत?"

नीलक्कानं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, समितीला दिलेलं, पोरींना ऐकवलेलं, भिंतीवर लावलेलं. "माझ्या वॉर्डातली बाटली कधी..." आणि ती तिथंच थांबली.

शबानाबाईंनी चारही बाटल्यांतले नमुने काढून घेतले. मग एक बाटली उचलली, साबण ओतून दिला आणि प्लॅस्टिक कात्रीनं उभं चिरलं. तळाशी बोटभर थर होता, गुलाबी, बुळबुळीत. माठ महिनोन् महिने घासला नाही की बुडाशी धरतो तसा. नीलक्का वाकून बघत राहिली. हा साबण तिनं आपल्या हातांनी... रोज... "यव्वा!" ती एवढंच म्हणाली. मग एकदम वर बघून, "साबणात? अहो, साबणात जंतू कसे राहतील? साबणात?"

"राहतात, अक्का. पाणी मिसळलेल्या साबणात तर मजेत राहतात. तुम्ही वर नवा ओतत होतात, खाली जुना तसाच राहत होता. त्यांची पैदास चालू होती." शबानाबाईंनी चिरलेली बाटली खाली ठेवली. "जी जास्त धुणार तिच्या हातावर जास्त. वर स्पिरिट चोळलं असतं तर मेले असते. ह्या मुलीनं तेच केलं. म्हणून तिचा हात कोरा."

सगळ्यांनी देविकाकडे बघितलं. तिनं पाठीमागचे हात पुढे आणले. बोटांच्या सांध्यांवर भेगा, काही ठिकाणी कातडी सोललेली. "साबणानं फाटतात हो," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यापासून. सांगितलं असतं तर कातडीचा रोग म्हणून काढून टाकलं असतं, म्हणून नाही बोलले." नीलक्का नऊ महिने या हातांवर पाळत ठेवून होती. तिनं ते कधी नीट बघितले नव्हते.

तासाभरात चारी बाटल्या गेल्या, कॅन गेला, नव्या वड्या आल्या. नीलक्का मधेच उभी, कुणी बस म्हटलं की बसायची, कुणी पाणी दिलं की प्यायची. दुपारी मोठ्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं.

"झालं ते झालं, सिस्टर. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. वर कळवताना 'साबणाच्या पुरवठ्यात दोष' असं लिहितो. इस्पितळाचं नाव राहील, तुमचंही राहील."

"आणि देविकाविरुद्धचा माझा अर्ज?"

"तो जिल्ह्याला गेला. परत मागवायचा तर कारण द्यावं लागेल, आणि कारण दिलं की सगळंच उघडं. ती कंत्राटी पोर आहे, तिला मिळेल कुठंतरी. तुमची तीन वर्षं राहिलीत. नीट घरी जा."

नीलक्का उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पूजेला बसली. डावा तळवा पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यावर लिंग ठेवायचं धाडस होईना. हात स्वच्छ दिसत होता. नखं कापलेली, रेषा लख्ख. आणि अचानक तिच्या डोक्यात आलं, की फेब्रुवारी तर आत्ताचा. बाटली नऊ वर्षांची. मागच्या पावसाळ्यात शांतव्वाचं बाळ गेलं होतं. त्याआधी जुळी, तीन दिवसांच्या अंतरानं. त्यांना काय झालं होतं? कुणी तपासलं होतं? तिनं आठवायला सुरुवात केली आणि घाबरून थांबवलं. नवरा चहा घेऊन आला तेव्हा ती तशीच हात पसरून बसलेली. "काय झालं गं?" त्यानं विचारलं. तिनं तळवा मिटला.

त्या दिवशी विभागात गेल्यावर तिनं पहिल्या पाळण्याची स्पिरिटची बाटली दाबली आणि दोन्ही तळव्यांना चोळली. डाव्यालाही.

दहाच्या सुमाराला फकीरव्वा आली. बाळाच्या मृत्यूचा दाखला न्यायचा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोकरीची टोपी. "इथली टोपी चुकून बरोबर आली होती, अक्का. धुऊन आणलीय. दुसऱ्या कुणाला होईल." टोपी नीलक्काच्या हातात देताना तिची नजर मागे गेली. मागे देविका उभी होती.

"ही अजून इथंच?" फकीरव्वाचा आवाज चढला. "अक्का, हीच ना ती? हात न धुणारी? अगं ए रांडे, तुला पाण्याचा एवढा कंटाळा? आठ वर्षं वाट बघितली होती मी! तुझे हात झडतील! तुझ्या कुशीला लेकरू लागणार नाही!"

देविका जागची हलली नाही. तिला सगळं माहीत होतं, एका वाक्यात सांगता आलं असतं. तिनं नीलक्काकडे बघितलंसुद्धा नाही. फाटलेले हात अॅप्रनच्या खिशात घातले आणि ऐकत राहिली.

शिव्या देऊन दमल्यावर फकीरव्वानं नीलक्काचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. "आणि हे बघा. ह्या हातांनी किती केलं माझ्या लेकरासाठी. देवाचे हात आहेत हे."

"सोड," नीलक्का म्हणाली. "फकीरव्वा, सोड माझे हात."

"का सोडू? तुम्ही नसतात तर..."

"तिला शिव्या देऊ नकोस. तिचे हात स्वच्छ होते." नीलक्कानं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "माझ्या हातांनी झालं ते. बाटलीतल्या साबणात जंतू होते, साबण मी भरत होते. दिवसातून पन्नास वेळा तेच हाताला लावून मी त्याला उचलत होते. माझ्यामुळे गेलं तुझं बाळ. हिच्यावर मी खोटा आळ घातला."

फकीरव्वाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तरी तिनं हात सोडले नाहीत. ते उताणे केले, खिडकीच्या उजेडात धरले आणि वखारीत मिरची निवडताना बघतात तसे पालथे-उताणे करून बघितले.

"पण ह्यांच्यावर तर काहीच नाही, अक्का," ती म्हणाली. "एवढे स्वच्छ आहेत."

"हो. मलाही तसंच दिसायचं."

तेव्हा कुठं फकीरव्वानं हात सोडले. मग स्वतःचे बघायला लागली. "त्या दिवशी माझेही तुम्हीच धुतले होते. त्याच साबणानं. मग मी त्याला बोट दिलं." तिनं तेच बोट वर धरलं. "मग मीपण...?"

"नाही!" नीलक्का किंचाळलीच. "तू नाही. तू काही केलेलं नाहीस. ऐक माझं. सगळं माझं आहे ते." तिनं तिथल्या बाकावर बसकण मारली. "देविका, कोरा कागद आण. आणि मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, पुरवठ्यातला दोष नको, मी लिहून देते."

देविकानं कागद आणला. नीलक्का लिहायला लागली. साबण कसा भरला, पाणी कधी मिसळलं, स्पिरिट का लावलं नाही, आणि देविका लमाणीविरुद्धचा आपला अर्ज खोटा आहे, तो फाडून टाकावा, तिचं कंत्राट चालू ठेवावं. फकीरव्वा समोर उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिहिलंत?" तिनं शेवटी विचारलं.

नीलक्कानं वाचून दाखवलं. "...फेब्रुवारीत चार बाळं आजारी पडली. त्यातलं फकीरव्वाचं बाळ दगावलं. त्याला हाताळणारे हात माझे होते."

"फकीरव्वाचं बाळ नका लिहू," फकीरव्वा म्हणाली. "नाव होतं त्याला. बोट धरलं त्या दिवशीच ठेवलं होतं मी. अजून त्याच्या बापालाही सांगितलेलं नाही."

नीलक्काचं पेन थांबलं. "काय?"

"मैलारी."

नीलक्कानं आधीचे शब्द खोडले आणि वर मैलारी असं लिहिलं. मग खाली सही केली, आणि कागद वाळेपर्यंत तो हातात धरून बसली.